झिरकोनियाचे पैसे घेतले, बसवली निकेलची कॅप

खालच्या डाव्या दोन दाढांचं रूट कॅनल झालं, त्यावर झिरकोनियाच्या (धातू नसलेल्या पांढऱ्या सिरॅमिकच्या) कॅप ठरल्या. एकीचे 12,000, दोन्हींचे 24,000 रुपये, रोख. वर 'दहा वर्षांची वॉरंटी'. वर्षाच्या आत एकीचा टवका उडाला आणि खालून करडा, चकचकीत धातू दिसला! झिरकोनिया कितीही फुटला तरी आतून धातू निघत नाही. म्हणजे ही साधी मेटल-सिरॅमिक: आत निकेल-क्रोमियमचं पातळ कवच, वर पोर्सेलिनचा थर. त्याच दवाखान्यात हिचा दर 4,500. दोन कॅपमागे सरळ 15,000 रुपयांना चुना.

कळण्याची वेळ एकच होती, ट्रायलची. चिकटवण्याआधी कॅप डॉक्टरांच्या चिमटीत उलटी होती. आतून करडी की पांढरी, एका नजरेत कळतं. पण पेशंट आडवा, डोळ्यांवर दिवा, गालात कापसाचे बोळे. अशात कोण उठून बघणार? आणि का बघावं? पैसे काय कमी मोजले होते? एकदा पक्कं सिमेंट लागलं की कॅप सहसा कापूनच काढावी लागते, हे त्यांना चांगलं ठाऊक असतं.

एक्स-रेवर विसंबू नका, झिरकोनियाही त्यात धातूसारखाच पांढराशुभ्र दिसतो. लोहचुंबक तर विसराच, निकेल-क्रोमियम त्याला सहसा दाद देत नाही. हिरडीच्या कडेला काळसर रेघ दिसली तर मात्र विचारा. खोट्या दागिन्यांनी कान चिघळत असतील तर निकेल नको, हे आधीच बजावा.

डॉक्टर म्हणाले, लॅबची चूक. लॅब म्हणाली, आम्ही फक्त डॉक्टरांशी बोलतो. वॉरंटी कार्डावर क्रमांकाची जागा कोरी! तक्रार घेणाऱ्या कार्यालयाने आधी मूळ बिल मागितलं. बिलावर नुसतं 'दंतोपचार'. मग म्हणे, मटेरियलचा वाद आमच्याकडे येत नाही. मग म्हणे, दुसऱ्या दंतवैद्याचं लेखी मत आणा. तोंडी सगळे सांगतात, 'हो, मेटलच आहे', पण लेटरहेडवर लिहायला एकही तयार नाही. मग ही कार्यालयं आहेत कशाला, शिक्के मारायला?

ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जा, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. बिलावर दाताचा क्रमांक (या दोन दाढांचे 36, 37) आणि 'झिरकोनिया' हा शब्द लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. वॉरंटीचा क्रमांक खुर्चीतून उठण्याआधी वॉरंटी देणाऱ्या कंपनीकडे पडताळा. आणि कॅप कापून काढलीच, तर तुकडे कचऱ्यात जाऊ देऊ नका. डबीत घालून मागून घ्या, करडा पुरावा तेवढाच उरतो.