बिगफूट बघायला विलो क्रीकला गेलो, त्याचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकतो, बिगफूट, म्हणजे अमेरिकेच्या जंगलात राहतो असं लोक म्हणतात तो माणसासारखा दोन पायांवर चालणारा केसाळ प्राणी, दिसला नाही. जाऊन आल्यापासून भेटेल तो पहिलं हेच विचारतोय म्हणून. आता पुढचं.

आम्ही फ्रीमॉन्टहून पहाटे निघालो, मी, बायको आणि अकरा वर्षांचे चिरंजीव, ज्यांच्या हट्टापायी हे सगळं रामायण घडलं. लोकांची पोरं डिस्नेलँड मागतात, आमचं म्हणतं मला विलो क्रीकला जायचंय. विलो क्रीक म्हणजे कॅलिफोर्नियाच्या पार वरच्या कोपऱ्यात, हम्बोल्ट काउंटीत, हायवे २९९ आणि हायवे ९६ मिळतात तिथलं एवढंसं गाव. पूर्वी इथे चिनी खाणकामगार होते म्हणून जुनं नाव चायना फ्लॅट, आणि म्युझियमचं पूर्ण नाव अजूनही विलो क्रीक-चायना फ्लॅट म्युझियमच आहे. रेडिंगपासून पुढे २९९ ला जे घाट लागतात ना, ट्रिनिटी नदी खाली आणि आपण वर वळणावळणाने, परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढताना पोटात ढवळतं सेम तसंच, फक्त अडीच तास. ज्यांना गाडी लागते त्यांनी किनाऱ्याकडून या, आर्केटाहून तासाभरात पोहोचता.

म्युझियमच्या बाहेरच रेडवूडमध्ये कोरलेला भलामोठा बिगफूट उभा आहे, त्याच्या पायाशी फोटो काढल्याशिवाय कोणी आत जात नाही, आम्हीही नाही. आत तिकीट वगैरे भानगड नाही, डबा ठेवलाय, मनाला येईल ते टाका. आणि पहिल्या अर्ध्या भागात बिगफूटचा पत्ताच नाही! जुनी अवजारं, खाणीतलं सामान, गावातल्या जुन्या घरांतल्या वस्तू, म्हणजे आपल्याकडे तालुक्याच्या गावी कोणी हौशी मास्तरांनी जमवलेलं असतं तसं. पोरगा दोन मिनिटांत पार, मी मात्र रमलो.

बिगफूटचा विभाग २००० साली सुरू झाला आणि त्यातला खरा ऐवज म्हणजे बॉब टिटमस नावाच्या माणसाने जमवलेले बिगफूटच्या म्हणवल्या जाणाऱ्या पावलांच्या ठशांचे साचे. हा गडी पेशाने मेलेल्या जनावरांत पेंढा भरणारा, म्हणजे कुठल्या जनावराचा पंजा कसा असतो हे त्याला हातानेच माहीत. पांढरट, करडे, कडा तुटलेले प्लास्टरचे पाय, बघून आधी मला गणपतीच्या कारखान्यात उरलेलं पीओपी आठवलं, खोटं कशाला बोलू. पण एकेकासमोर उभं राहिलात की वेगळंच वाटायला लागतं, १६ इंचाचा पाय म्हणजे माझ्या बुटाशेजारी होडीच.

हा सगळा प्रकार सुरू झाला १९५८ च्या ऑगस्टमध्ये, इथूनच उत्तरेला ब्लफ क्रीकच्या जंगलात. लाकूडतोडीसाठी रस्ता काढत होते, जेरी क्रू नावाचा बुलडोझरवाला सकाळी कामावर आला तर मशीनभोवती ही एवढाली पावलं. टिटमसनेच त्याला प्लास्टर ओतून साचा कसा काढायचा ते शिकवलं, क्रू तो साचा घेऊन गेला, हम्बोल्ट टाइम्सने पहिल्या पानावर फोटो छापला आणि 'बिगफूट' हा शब्द जगभर झाला. मग ४४ वर्षांनी, २००२ साली, त्याच रस्त्याचा काँट्रॅक्टर रे वॉलेस वारला आणि त्याच्या घरच्यांनी लाकडात कोरलेले पाय काढून दाखवले की बाबांनीच केली होती गंमत. झालं! तरीही लोकं येतात आणि डब्यात पैसे टाकतात, मीही टाकले. मला यात काही विसंगत वाटत नाही, आपण चकवा लागलेल्या माणसाची गोष्ट ऐकतो तेव्हा पुरावा कुठे मागतो.

पण मला लिहायचंय ते शिकाऱ्यांबद्दल. येताना गाडीत बायको मोबाइलवर वाचून दाखवत होती आणि मागून पोरगा सारखा एकच प्रश्न विचारत होता: बाबा, यांच्याकडे बंदूक होती ना, मग मारलं का नाही? प्रश्न बरोबर आहे राव. बंदूक हातात, माणूस जन्मभर शिकार करणारा, समोर आयुष्यातला सगळ्यात मोठा शिकारीचा माल, आणि गोळी सुटत नाही.

विल्यम रो घ्या. कॅनडात ब्रिटिश कोलंबियामध्ये मायका माउंटनवर १९५५ च्या ऑक्टोबरात झाडीत काहीतरी दिसलं, त्याला आधी वाटलं ग्रिझली अस्वल. ते उघड्यावर आलं तर केसाळ, सहा फुटी, अंगाने रुंद, मादी, बसून पानं ओरबाडून खातेय. अंतर काय तर २० फूट. रोने रायफल रोखली आणि खाली घेतली, का तर ते माणसासारखं वाटलं आणि मारलं तर आपण स्वतःला कधी माफ करणार नाही असं वाटलं. १९५७ साली हे त्याने शपथेवर लिहून दिलं. खरं खोटं देव जाणे, पण थाप मारायची असती तर माणूस शौर्याची मारतो ना, 'मी बंदूक खाली घेतली' अशी थाप कोणता शिकारी मारेल?

मग २० ऑक्टोबर १९६७, परत ब्लफ क्रीकच. रॉजर पॅटरसन आणि बॉब गिमलिन घोड्यावरून मुद्दाम शोधायलाच आलेले. घोडे बिथरले, पॅटरसन पडला, भाड्याने आणलेला कॅमेरा घेऊन धावत सुटला, गिमलिन मागे रायफल घेऊन उभा. दोघांचं आधीच ठरलेलं की अंगावर आल्याशिवाय गोळी घालायची नाही. निघाली ती मिनिटभराची हलती फिल्म, ज्यात ती बया चालता चालता मान वळवून बघते, ती तुम्ही सगळ्यांनी पाहिलेली आहे. नऊ दिवसांनी टिटमस तिथे गेला आणि लागोपाठचे १० ठसे साच्यात काढून आणले. पुढे २००४ मध्ये एका माणसाने सांगितलं की ते केसाळ कातडं घालून मीच चाललो होतो. असेलही. पण ती मान वळवणं मात्र भारी आहे, मला दरवेळी काटा येतो.

आणि ज्यांनी गोळी घातली त्यांची गोष्ट? ती वॉशिंग्टन राज्यातली, माउंट सेंट हेलेन्सच्या उतारावरची, जुलै १९२४. सोनं शोधणारे पाच जण, त्यातल्या फ्रेड बेकने एका 'वानरा'वर गोळ्या झाडल्या, ते दरीत कोसळलं, आणि त्याच रात्री त्यांच्या लाकडी खोपटावर दगडांचा मारा सुरू झाला तो पहाटेपर्यंत. त्या दरीला आजही एप कॅन्यन म्हणतात. नंतर एकाने सांगितलं की दगड आम्हीच ढकलले होते, गंमत म्हणून. बेक स्वतः म्हातारपणी म्हणायला लागला की ते प्राणी हाडामांसाचे नव्हतेच. याच भागातल्या स्कामेनिया काउंटीने १ एप्रिल १९६९ ला कायदाच केला, बिगफूटला मारलं तर १०,००० डॉलर दंड आणि पाच वर्षं आत. तारीख बघून हसू येतं, पण कारण साधं होतं, बंदुका घेऊन हौशे नवशे इतके यायला लागले की कोणीतरी केसाळ दाढीवाला माणूसच मरायचा.

पोराला हे पटलं. त्याला सगळ्यात आवडली ती थिओडोर रूझवेल्टने, अध्यक्ष व्हायच्या आधी, १८९३ च्या पुस्तकात सांगितलेली बाउमन नावाच्या म्हाताऱ्या फासेवाल्याची गोष्ट. दोघं बीव्हर पकडायला डोंगरात गेलेले, कोणीतरी दोन पायांवर येऊन तंबू उचकटून जातंय, शेवटी बाउमन फासे बघायला गेला आणि परत येतो तर जोडीदाराची मान मोडलेली, गळ्यावर चार दातांच्या खुणा. ही मात्र रात्री मोटेलमध्ये वाचायची नव्हती, पोरगा दिवा लावून झोपला.

साचे बघत होतो तेव्हा शेजारी एक म्हातारे गृहस्थ, डोक्याला नारंगी टोपी, बायकोला काहीतरी समजावत होते. पोराने सरळ विचारलं, तुम्ही पाहिलाय का. म्हणाले हरणांच्या सीझनला एकदा, तरुण होतो, पलीकडच्या उतारावर उभं काहीतरी दिसलं, रायफलच्या दुर्बिणीतून बघितलं, मग दुर्बीण बाजूला केली. बस, एवढंच. मला नंतर गाडीत लक्षात आलं की दुर्बिणीतून बघितलं म्हणजे बंदूक रोखलेलीच होती की! काय दिसलं ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही खोदून विचारलं नाही.

माझं मत विचाराल तर अस्वल. माझे आजोबा मेळघाटात फॉरेस्टात गार्ड होते. मार्च-एप्रिलात मोहाची फुलं पडतात, बाया पहाटे अंधारात वेचायला जातात आणि अस्वलंही तीच फुलं खायला येतात. आजोबा म्हणायचे, "अस्वल उभं रायलं का मानसावानीच दिसते बापू, अन् त्या वक्ताले तू दोघायपैकी कोन हाय हे इचारत नाई बसत." अमेरिकेतलं काळं अस्वलही उभं राहतं, आणि नावाला काळं, असतं तपकिरी, तांबूससुद्धा. चालताना मागचा पंजा पुढच्याच्या ठशावर पडला की एकच लांबलचक पाऊल उमटतं. २०२४ साली तर एक पेपर आला, जिथे काळी अस्वलं जास्त तिथे बिगफूट दिसल्याच्या बातम्याही जास्त. पीटर बर्न म्हणून नेपाळात वाघांच्या शिकारी केलेला आणि यतीमागे हिंडलेला माणूस, त्याने १९७६ मध्ये बिगफूटच्या अंगावरचे असतील म्हणून १५ केस एफबीआयकडे तपासायला पाठवले, उत्तर आलं हरणाच्या जातीचे आहेत. आणि आपण हसायला नको, २०१९ मध्ये आपल्याच आर्मीने मकालू बेस कॅम्पजवळच्या ३२ बाय १५ इंची यतीच्या पावलांचे फोटो ट्वीट केले होते.

पण अस्वल म्हटल्यावर सगळं मिटतं असंही नाही. रोला ग्रिझली माहीत होतं, आधी तेच वाटलं होतं त्याला. अस्वल आहे असं समजून रोखलेली बंदूक खाली का आली, याचं उत्तर काळ्या अस्वलांच्या आकड्यांत नाही. पोराचा प्रश्न तसाच राहिला आणि मला ते आवडलं.

आता रेटिंग. म्युझियमला पाच, काही बोलायचं कामच नाही, लहान आहे पण तासाभरात निवांत होतं, कोणी मागे लागत नाही. पूर्ण ट्रिपला मात्र साडेतीन. अर्धा कापला त्या घाटासाठी आणि एक कापला मोटेलसाठी, जे विलो क्रीकमध्ये नव्हतं, दोन तास अलीकडच्या एका गावात होतं, नाव घेत नाही. हीटर रात्रभर घुरघुरत होता आणि बाउमनची गोष्ट ऐकून झोपलेलं पोरगं दर अर्ध्या तासाला "बाबा ते काय" विचारत होतं.

जाणार असाल तर मे ते ऑक्टोबरमध्येच जा, हिवाळ्यात बंद असतं, आणि निघायच्या आधी फोन करून वार नि वेळ विचारा, दररोज उघडं नसतं. वेळ असेल तर हायवे ९६ ने हूपापर्यंत तरी जाऊन या, तिथून पुढे हूपा, युरोक, कारुक या मूळच्या लोकांचा मुलूख सुरू होतो आणि नदी सुंदर आहे. गॅस, म्हणजे पेट्रोल, विलो क्रीकलाच फुल्ल करा, मॅप आधीच डाउनलोड करून ठेवा कारण पुढे रेंज जाते, आणि दशम्या चटणी घरूनच न्या, आम्ही नदीकाठी बसून खाल्ल्या, पोरगा तोंड पलीकडच्या झाडीकडे करूनच बसला होता.