तुळशीच्या लग्नाचा तयार संच: घ्यावा की नाही?

दिवाळी सरली की लातूरच्या गंजगोलाईत पूजा साहित्याच्या दुकानांवर तुळशीच्या लग्नाचे तयार डबे दिसू लागतात. त्यातल्या एका १५० रुपयांच्या डब्याबद्दल.

बांगड्या, खण, हळकुंड, फणी, आरसा हे सगळं ठीक. खणाला काठ नीट आहे, बांगड्या मात्र बाहुलीच्या मापाच्या; मोठ्या वृंदावनाला शोभत नाहीत. मुंडावळ्यांचं सुतही इतकं कच्चं की एका गाठीत मणी गळतात. आधी दोन्ही टोकांना दुहेरी गाठ मारून घ्या.

खरी गडबड नवरदेवात. वृंदेच्या, म्हणजे तुळशीच्याच, शापाने विष्णू दगड झाला, म्हणून नवरदेव शाळिग्राम. अस्सल शाळिग्राम नेपाळात गंडकीच्या पात्रात मिळतो आणि त्यावर चक्राची खूण असते. डब्यातला गोटा ओल्या फडक्याने पुसला की फडकं काळं होतं. म्हणजे रंगच! त्यापेक्षा देव्हाऱ्यातला बाळकृष्ण उभा करावा, घरोघरी तोच चालतो.

अंतरपाट रुमालाएवढा. दोघांनी धरायचा तर निदान दीड हात कापड हवं. धुतलेलं पांढरं उपरणं घेऊन कुंकवाचं स्वस्तिक काढा. उसाची वीतभर कांडकी मांडवाला कुचकामी. वाढ्यासकट चार ऊस वेगळे आणा, कुंडीच्या बाहेर चार कोपऱ्यांना रोवून शेंडे वर सुतळीने एकत्र बांधा. कुंडीत रोवू नका, मुळं दुखावतात.

बोरं, आवळे, चिंचा डब्यात नाहीतच. कार्तिक शुद्ध द्वादशी ते पौर्णिमा एवढीच मुदत, तेव्हा ते आदल्या दिवशी बाजारातून उचलावं.