कुत्र्याला भाकरी-चिकन की बिनधान्याचं जेवण?

सांगलीकडं कुत्र्याचं जेवण म्हणजे दुधात कुस्करलेली ज्वारीची भाकरी. आता काही जण धान्य पार बंद करून चिकन, थोडी कलेजी, रताळं, लाल भोपळा शिजवून घालतात.

नुसती दूध-भाकरी प्रथिनांत कमी पडते, शिवाय बऱ्याच वाढ झालेल्या कुत्र्यांना दूध पचत नाही, ढाळ लागते. पण लांडग्याच्या मानानं कुत्र्याला पिष्ट चांगलं पचतं. (रताळ्यात तरी दुसरं काय असतं?) खाज सुटली की लोक आधी गव्हाला धरतात, ॲलर्जी मात्र बीफ, दूध, चिकन यांचीच जास्त आढळते. म्हणून धडधाकट कुत्र्याला मी भाकरी, उकडलेलं चिकन आणि अंडंच घालीन. खिशालाही ते परवडतं. धान्य बंद करायचं ते डॉक्टरांनी सांगितलं तरच.

बिनधान्याचं करणारच असाल तर धान्याची जागा डाळी-वाटाण्यांनी भरू नका. अशा खाद्याचा हृदयविकाराशी संबंध आहे का, हे अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं २०१८ पासून तपासलं. ठाम काही निघालं नाही.

खरी गोम कॅल्शियमची, आणि ती दोन्हीकडं आहे. मांसात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम नावाला. अंड्याची टरफलं उकळून, वाळवून मिक्सरला पिठासारखी करा; चहाच्या सपाट अर्ध्या चमच्यात साधारण १००० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळतं. किती घालायचं ते वजन सांगून डॉक्टरांना विचारा. शिजवलेली हाडं नकोत.

कांदा-लसूण मसाल्याच्या रश्श्यात भाकरी चुरून देणं तर बंदच करा, दोन्ही कुत्र्याला विषारी. तासगावचे बेदाणेही तसेच. थोड्यानंही मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.