पोल्ट्री शेडसाठी हातातला अमोनिया मीटर: घ्यावा, पण कशासाठी?

बॅटरीवर चालणारा, ० ते १०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत वायूचे किती भाग) दाखवणारा इलेक्ट्रोकेमिकल, म्हणजे रासायनिक क्रियेतून वायू ओळखणारा, मीटर ब्रॉयलर शेडसाठी घेण्यासारखा आहे. फक्त तो 'उत्सर्जन मीटर', म्हणजे शेडमधून एकूण किती वायू बाहेर पडतो ते सांगणारा, म्हणून कोणी गळ्यात मारत असेल तर सावध राहा.

नाकावर विसंबून चालत नाही. रोज शेडमध्ये वावरणाऱ्याला वास जाणवेनासा होतो आणि त्याचे डोळे चुरचुरेपर्यंत पक्ष्यांना त्रास झालेला असतो. युरोपीय संघाच्या २००७ च्या ब्रॉयलर निर्देशात दाट संगोपनासाठी अमोनियाची मर्यादा २० पीपीएम, कार्बन डायऑक्साइडची ३,००० पीपीएम आहे, तीही पक्ष्यांच्या डोक्याच्या उंचीवर मोजून. उभ्याने छातीशी धरलेल्या मीटरचा आकडा कामाचा नाही. पहाटे, पडदे उघडण्याआधी, पाण्याच्या निपलच्या ओळीखाली, भिंतीलगत आणि मधोमध असे रीडिंग घ्या. प्रत्येक ठिकाणी दोन-तीन मिनिटे थांबा, आकडा लगेच स्थिरावत नाही. चुना टाकून लिटर (जमिनीवरचा तुसाचा थर) नुकतेच हलवले असेल तर मोजू नका: चुन्याने सामू (पीएच) चढतो, ओल्या तुसातला अमोनियम वायू होऊन सुटतो आणि आकडा उसळतो.

सेन्सर हा या यंत्राचा दुबळा भाग. सतत अमोनियात राहिला की तो थकतो आणि कमी दाखवू लागतो, म्हणून शेडमध्ये कायमचा टांगून ठेवू नये. मोजून झाले की बाहेर मोकळ्या हवेत शून्यावर येऊ द्यावा. फॉर्मलिनच्या धुरीत आणि सॅनिटायझरच्या फवाऱ्यात तर नकोच. पेटीत पडून राहिला तरी तो साधारण दोन वर्षांत संपतो. अधूनमधून २५ पीपीएमच्या कॅलिब्रेशन गॅसवर तपासावा लागतो. गॅस मीटरपर्यंत नेणारी नळी आखूड आणि टेफ्लॉनची हवी, साध्या रबरी नळीला अमोनिया चिकटतो. सिलिंडर परवडत नसेल तर काचेच्या डिटेक्टर ट्यूबने ताडून पाहा: हातपंपाच्या एका ओढीत १०० मिली हवा, रंग कुठवर बदलला ते वाचायचे. ट्यूब एकदाच वापरता येते, तिची मुदतही तपासावी.

आता उत्सर्जनाचे. एक्झॉस्टच्या आणि आत येणाऱ्या हवेत १५ पीपीएमचा फरक आहे असे धरा. २५ अंश तापमानाला १ पीपीएम म्हणजे घनमीटरमागे ०.७ मिलिग्रॅम, म्हणून हा फरक १०.५ मिलिग्रॅमचा. पंखा तासाला ३०,००० घनमीटर हवा ओढत असेल तर ताशी ३१५ ग्रॅम अमोनिया बाहेर पडतो. पंख्याच्या माहितीपट्टीवर मात्र ४०,००० लिहिलेले असते. शटरवरची धूळ, सैल बेल्ट, शेडमधला दाब यांनी प्रवाह घटतो, आणि पट्टीवरचा आकडा धरला की उत्तर ४२० ग्रॅम येते. मीटर दोन पीपीएमने चुकला तर फरक १३ टक्के. पट्टीवरचा प्रवाह धरल्याने होणारी चूक ३३ टक्क्यांची आहे. पडद्यांच्या उघड्या शेडमध्ये तर पंख्याचा हिशेबच लागत नाही. तिथे कार्बन डायऑक्साइडच्या ताळेबंदावरून (पक्षी तो किती सोडतात आणि आत-बाहेरच्या हवेत किती फरक पडतो यावरून) हवेचा प्रवाह काढतात आणि त्यासाठी एनडीआयआर (अवरक्त प्रकाशाने वायू मोजणारा) सेन्सर वेगळा लागतो.

नायट्रस ऑक्साइड आणि मिथेन या मीटरच्या आवाक्याबाहेरचे. बाहेरच्या हवेतच नायट्रस ऑक्साइड ०.३३ पीपीएमच्या आसपास असतो, त्यावरची किंचित वाढ पकडायला लेझरवर चालणारा विश्लेषक लागतो. फोटोअकॉस्टिक (वायूने प्रकाश शोषल्यावर उमटणारा ध्वनी मोजणारे) यंत्र चालते, पण वाफेची आणि इतर वायूंची लुडबुड दुरुस्त करूनच आकडा घ्यावा लागतो.

खरेदी करताना सेन्सर बदलता येतो का आणि त्याची निर्मिती तारीख काय, हे दोन प्रश्न विचारा. तारीख सांगायला दुकानदार टाळाटाळ करत असेल तर दुसरे दुकान गाठा.