ऑनलाइन करारनामा सेवा: कागद चोख, पण ‘ते तर धरलेलंच आहे’ याला जागा नाही

पाचपैकी तीन तारे. चार देणार होते, पण शेवटून दुसऱ्या कलमाने एक खाल्ला.

मी शीट मेटलचं जॉबवर्क करते. पत्रा कापायचा, वाकवायचा, वेल्डिंग, मग पावडर कोटिंग. पॅनेलच्या पेट्या, मशीनची कव्हरं, रॅक असली कामं. जुने ग्राहक पीओ, म्हणजे खरेदीची लेखी ऑर्डर, पाठवतात, खाली ‘बाकी नेहमीप्रमाणे’ लिहितात आणि सही करतात. नव्या कंपन्यांच्या लीगलवाल्यांना मात्र रीतसर करार लागतो, आणि दर पीओला वकील गाठणं मला परवडत नाही. म्हणून ही सेवा घेतली. आपण प्रश्नांची उत्तरं भरायची, ती करारनामा तयार करून देते. सेवेचं नाव लिहीत नाही, कारण माझी तक्रार ज्या कलमाबद्दल आहे ते बऱ्याच तयार नमुन्यांत सापडतं. एकट्या याच लोकांना धारेवर धरण्यात अर्थ नाही.

आधी चांगलं सांगते. प्रश्न नेमके आहेत. पैसे कधी, उशीर झाला तर काय, माल नाकारायचा तर किती दिवसांत, पत्रा कोणी आणायचा. डिलिव्हरी आमच्या गेटवर धरायची की त्यांच्या, हेही विचारतात; गाडी उभी राहिल्यावर ‘उतरवून कोण घेणार’ यावरून होणारी निम्मी भांडणं तिथेच मिटतात. भाषा स्वच्छ आहे, एक वाक्य पानभर चालत नाही. समोरच्याने मसुद्यात काही फिरवलं तर जुनं-नवं शेजारी शेजारी रंगवून दाखवतात. गुपचूप बदललेला एक शब्द त्यामुळे माझ्या नजरेत आला. नवा ग्राहक असेल तर या सेवेला दिलेले पैसे वसूल होतात.

मग मी तोच नमुना एका जुन्या ग्राहकाला पाठवला. त्यांच्या खरेदी खात्यातल्या साहेबांचा संध्याकाळी फोन. ‘ताई, वाचलं सगळं. मग आता कडा घासून द्या, हेही लिहून मागायचं का?’ हसत विचारलं, पण प्रश्न खरा होता.

बाहेरच्या माणसाला यात काय मोठं, असं वाटेल. पत्रा कापला की कडेला बर, म्हणजे बारीक धारदार कंगोरा, राहते. डोळ्यांना दिसत नाही, पण नख फिरवलं की अडकतं. ती घासली नाही तर असेंब्लीवरच्या पोराचा हात कापतो. शिवाय धारदार कडेवर पावडरचा थर पातळ बसतो आणि गंज तिथूनच धरतो. या ग्राहकाच्या ड्रॉइंगवर ‘कडा घासणे’ असं कुठेही लिहिलेलं नाही. ड्रॉइंग जुनं, हाताने काढलेलं. आम्ही पहिल्यापासून घासूनच देतो. त्यांनी कधी सांगितलं नाही, आम्ही कधी विचारलं नाही. पहिला नग दाखवून मगच पूर्ण लॉट काढायचा, स्टेनलेसवरची फिल्म सोलायची नाही, एकाचं ड्रॉइंग दुसऱ्याला दाखवायचं नाही, हेही सगळं तसंच.

आणि कलम काय म्हणतं? ‘हाच उभय पक्षांमधील संपूर्ण करार असून यापूर्वीची बोलणी, पूर्वीचा व्यवहार, प्रथा वा व्यापारी रूढी यांपैकी काहीही लागू होणार नाही.’ ड्रॉइंगवर नाही, करारात नाही, आणि ‘नेहमीप्रमाणे’ला तर दारच बंद.

कायदा इतका कोरडा नाही. १८८९ सालचा इंग्लंडमधला ‘मूरकॉक’चा खटला वकिलीच्या पहिल्या वर्षात शिकवतात. थेम्स नदीवरच्या धक्क्याला माल उतरवायला याच नावाचं एक जहाज लागलं. ओहोटीला ते तळावर टेकणार, हे दोघांनाही माहीत होतं. तळ खडबडीत निघाला, जहाजाचं नुकसान झालं. तळ जहाज टेकण्याजोगा आहे, अशी हमी करारात लिहिलेली नव्हती. न्यायालय म्हणालं, धक्केवाल्याने तेवढी तरी काळजी घेतली असेल हे धरलं नाही तर या व्यवहाराला अर्थच उरत नाही. पुढे १९३९ मध्ये न्यायमूर्ती मॅकिनन यांनी एक कसोटी सांगितली: कराराची बोलणी चालू असताना एखाद्या आगाऊ माणसाने मध्येच विचारलं, ‘आणि हे हो?’, तर दोन्ही पक्ष वैतागून एका सुरात म्हणतील, ‘अहो, ते तर आहेच!’ तसं असेल तर ती अट न लिहिताही करारात आहे. माझ्या शेडमध्ये असा आगाऊ माणूस उभा करून ‘कडा घासणार ना?’ विचारा, आम्ही दोघंही त्याला हाकलून देऊ.

मात्र ही सवलत सढळ हाताने मिळत नाही. अट वाजवी वाटते, एवढ्यावर न्यायालय ती करारात घालत नाही. मार्क्स अँड स्पेन्सर या दुकानांच्या कंपनीने तिमाहीचं भाडं आगाऊ भरलं होतं आणि करारातल्या मुभेनुसार मधेच जागा सोडली. उरलेल्या दिवसांचं भाडं परत मागितलं. ऐकायला रास्त, पण ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ते दिलं नाही. इतका तपशीलवार करार तुम्ही दोघांनी बसून लिहिलात, त्यात हे नाही, आम्ही का घालू? भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१७ मध्ये नाभा पॉवरच्या खटल्यात हाच सावध सूर लावला. आणि लिहिलेल्या अटीच्या विरोधात जाणारी अट तर कुठेच धरली जात नाही.

इथेच ते कलम टोचतं. नुसतं ‘हाच संपूर्ण करार’ एवढंच असतं तर मी एवढी कुरकुर केली नसती. व्यवहार चालण्यासाठी ज्या अटी धराव्याच लागतात, त्या कराराच्या पोटातल्याच असतात, त्या अशा वाक्याने सहसा मरत नाहीत. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने २०११ मध्ये तसं म्हटलंय. पण ‘प्रथा’ आणि ‘पूर्वीचा व्यवहार’ हे शब्द नाव घेऊन लिहिले की गोष्ट बदलते. एक्सॉनमोबिल आणि टेक्साको यांच्यातल्या इंधनाच्या मालाच्या वादाचा निकाल २००३ मध्ये लागला. त्यांच्या करारात असेच शब्द होते, आणि व्यापारी रूढीचा आधार न्यायालयाने बाहेर ठेवला. तेलकंपन्यांकडे वकिलांच्या फौजा असतात, त्यांनी तो शब्द समजून-उमजून घातला असेल. इथे तो एका चौकटीत आधीच टिक करून ठेवलेला आहे, ‘शिफारस केलेले’ अशा हिरव्या पट्टीसह. जॉबवर्कवाल्याला कोणी विचारतच नाही की बाबा, तुझं निम्मं काम ज्यावर चालतं ते तू पुसायला निघालायस.

आता उलट बाजू. सगळंच न बोलता चालतं, असं म्हणून मी मोकळी होणार नाही. भंगाराचं घ्या. पत्रा ग्राहकाने दिला, आम्ही नग कापले, उरलेलं कटिंग कोणाचं? आम्ही धरून चालतो की आमचं. दर त्याच हिशोबाने कमी लावलेला असतो. ग्राहक धरून चालतो की पत्रा त्याचा, तर तुकडाही त्याचा. त्या आगाऊ माणसाने हा प्रश्न विचारला तर दोघंही ‘ते तर आहेच’ म्हणतील, पण उत्तरं दोन येतील. अशा ठिकाणी कुठलंही न्यायालय मनातलं ओळखून देत नाही, आणि देऊही नये. स्टेनलेस असेल तर ही रक्कम किरकोळ नसते.

म्हणजे लिहायला हवं ते भंगाराचं. कडा घासण्याबद्दल लिहिलं नाही तरी चालतं, फक्त ते पुसू नका. या सेवेत नेमकं उलटं आहे. बंधनकारक नसलेल्या मध्यस्थीची भाषा कोणती, असा प्रश्नसुद्धा आहे, पण उरलेल्या मालाचा एकही नाही. ‘तुमच्या धंद्यात न सांगता काय धरलं जातं?’ एवढा एक प्रश्न टाकून तो दोन्ही पक्षांना वेगवेगळा विचारला असता आणि उत्तरं न जुळल्यास लाल खूण केली असती, तर मी सहावा तारा शोधून आणला असता. रंगवून तुलना करायचं यंत्र त्यांच्याकडे आहेच की.

दुसरं कलम, ‘कोणताही बदल लेखी व सहीनिशीच’. हे वाईट नाही, पण घेताना माहीत असू द्या की ते दात असलेलं आहे. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एका भाड्याच्या ऑफिसच्या प्रकरणात अशीच अट पाळायला लावली. थकबाकी कशी फेडायची याचं नवं वेळापत्रक फोनवर ठरल्याचं भाडेकरू सांगत होता, ते चाललं नाही. आमच्याकडे ‘दोन दिवस उशीर चालेल का’, ‘चालेल’ हे फोनवरच होतं. आता मी फोन ठेवल्यावर त्याच दोन ओळींचा ईमेल टाकते. आणि करारात ‘सही’च्या जागी ‘ईमेल’ करून घेतलंय. हा बदल सेवा करू देते, त्याबद्दल पैकीच्या पैकी.

मदत केंद्राशी चॅटवर बोलले. मुलगी नम्र होती. म्हणाली, ‘मॅडम, हे कलम तुमच्याच संरक्षणासाठी आहे.’ मी विचारलं, माझं संरक्षण माझ्या पंधरा वर्षांच्या ग्राहकापासून? त्यावर तिने त्यांचा एक लेख पाठवला. उलट, स्टुअर्ट मॅकॉले नावाच्या प्राध्यापकांनी १९६३ मध्येच अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या उद्योगवाल्यांना विचारून लिहून ठेवलंय की ही मंडळी वाद मिटवताना बहुधा करार उघडतच नाहीत, फोन उचलतात. पुढेही धंदा करायचा असतो ना. तिच्या लेखाला उत्तर म्हणून मॅकॉलेंचं हे लिखाण पाठवावंसं वाटलं, पण तिचा काय दोष.

घ्यावी का? अनोळखी ग्राहक, पहिलाच व्यवहार, रक्कम मोठी, तर जरूर घ्या. जुना ग्राहक असेल तर हिरव्या पट्टीची टिक आधी काढा. मूळ प्लॅनमध्ये ती निघत नाही. वर्डमध्ये उतरवून ‘पूर्वीचा व्यवहार, प्रथा वा व्यापारी रूढी’ एवढे शब्द खोडावे लागतात, आणि मग पानावरचा त्यांचा ‘तपासलेला मसुदा’ हा शिक्का जातो. माझ्या एकाही ग्राहकाने त्या शिक्क्याची चौकशी केलेली नाही. ‘विशेष अटी’च्या चौकटीत मी आता भंगार कोणाचं, नाकारलेल्या नगाचा पत्रा कोणी भरून द्यायचा आणि डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, कोणाच्या मालकीची, एवढं स्वतः टाइप करते. साहेबांना तो सुधारलेला कागद पाठवला. भंगाराच्या ओळीवर त्यांनी निम्मं-निम्मं लिहून परत पाठवलंय, त्यावर आमचं अजून चालू आहे.