एबीएसच्या गाडीचा ब्रेक मऊ झालाय: हवा घरी काढावी की स्कॅनरवाल्याकडे जावं?

गणपतीला ताम्हिणी उतरून कोकणात जायचं असलं की आधीच्या आठवड्यात मी गाडीचं पेडल पायाने नीट चाचपून बघतो. एका वर्षी पाय ओल्या स्पंजवर ठेवल्यासारखा आत गेला. ब्रेक लागत होता, पण उशिरा आणि खाली. अशा वेळी दोन रस्ते दिसतात. शनिवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये कुणाला तरी पेडलवर बसवून ब्रेकच्या लाइनमध्ये शिरलेली हवा स्वतः काढायची (यालाच ब्लीडिंग म्हणतात), किंवा एबीएसचं, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचं, ब्लीडिंग स्कॅनरने करून देणाऱ्या गॅरेजला गाडी न्यायची. बहुतेक जण पैशांवरून ठरवतात. मी दोन्ही केलंय, आणि माझ्या मते ठरवायचं ते हवा शिरली कुठून, यावरून.

त्याआधी हवाच आहे ना, हे बघा. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा भराभर दाबा. दर दाबाला ते वर येत गेलं आणि तरी पायाला रबरासारखं लवचिक लागलं, तर हवेचा संशय घ्या. वर येऊन दगडासारखं घट्ट झालं, तर मागच्या ड्रमचे लायनर सैल असण्याची शक्यता जास्त. ते ॲडजस्ट करा, ऑइलला हात लावू नका. पाय एकसारखा दाबून धरला आणि पेडल हळूहळू फळीकडे सरकत गेलं, तर एकतर कुठेतरी गळती आहे, नाहीतर मास्टर सिलिंडरचं, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइल पुढे ढकलणाऱ्या सिलिंडरचं, रबर आतल्या आत दाब सोडतंय. हे रबर कितीही ब्लीडिंग करून बरं होत नाही. पॅड नुकतेच बदलले असतील आणि पहिल्यांदा पेडल खाली गेलं, तर घाबरू नका. पिस्टन मागे ढकललेला असतो, काही वेळा पंप केलं की जागेवर येतो. याच गोष्टीला हवा समजून लोकांनी चांगली चाललेली सिस्टिम उघडलेली मी बघितली आहे.

आणखी एक. सपाटीवर पेडल ठीक, पण घाट उतरताना मऊ पडतं, असं असेल तर ऑइल जुनं झालंय. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. डॉट 4 ग्रेडच्या ब्रेक ऑइलचा उकळबिंदू बाटली नवी असताना किमान 230 अंश सेल्सिअस असतो, 3.7 टक्के पाणी शिरलं की तोच 155 पर्यंत उतरू शकतो. डॉट 3 साठी हेच आकडे 205 आणि 140. तापलेल्या कॅलिपरमध्ये (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) पाण्याची वाफ झाली की पाय वाफेलाच दाबत राहतो, आणि वाफ दबते. इथे सगळं ऑइल बदलायचं, नुसती हवा काढून भागत नाही.

आता मूळ भानगड. एबीएसच्या ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यात प्रत्येक चाकासाठी दोन व्हॉल्व्ह असतात. आत येणारा नेहमी उघडा, बाहेर सोडणारा नेहमी बंद. त्या बंद व्हॉल्व्हच्या पलीकडे ऑइल साठवणारी छोटी पोकळी आणि ते परत वर ढकलणारा पंप. रोजच्या ब्रेकिंगमध्ये ऑइल उघड्या वाटेने सरळ चाकाकडे जातं, पलीकडची खोली कुलूपबंद राहते. म्हणून तुम्ही पेडल शंभर वेळा मारलं तरी त्या खोलीतली हवा जागची हलत नाही. ओल्या रस्त्यावर एखाद्या दिवशी एबीएस चालू झालं की ती मुख्य लाइनमध्ये येते, आणि काल घट्ट असलेलं पेडल आज मऊ लागतं. स्कॅनर एवढंच करतो: ते बंद व्हॉल्व्ह उघडतो, पंप फिरवतो आणि तेवढ्यात चाकापाशी असलेल्या निप्पलमधून, म्हणजे हवा सोडायच्या स्क्रूमधून, हवा बाहेर पडते.

घरच्या पद्धती तीन-चार आहेत, आणि त्यांची गुणवत्ता सारखी नाही.

दोन माणसांची जुनी पद्धत सगळ्यात स्वस्त. एक जण पेडल दाबून धरतो, दुसरा निप्पल पाव फेरा उघडतो, नळीतून बुडबुडे जातात, निप्पल बंद, मग पाय वर. अर्ध्या भांडणांचं मूळ 'सोडू नको म्हटलं होतं ना' हे वाक्य असतं, कारण निप्पल उघडं असताना पाय उचलला की हवा उलटी आत. दुसरा धोका कमी लोकांना माहीत आहे. जुन्या गाडीत पेडल फळीपर्यंत नेलं, तर मास्टर सिलिंडरचं रबर कधीच न घासलेल्या, गाळ-गंज धरलेल्या भागावरून जातं आणि फाटतं. ब्लीडिंगआधी बरा असलेला मास्टर सिलिंडर ब्लीडिंगनंतर गेला, तर बऱ्याचदा कारण हे असतं. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, प्रश्न मिटला.

हाताचा व्हॅक्युम पंप एकट्या माणसाला सोयीचा, पण तो फसवतो. निप्पलच्या आट्यांमधून बाहेरचीच हवा ओढली जाते आणि बुडबुडे संपतच नाहीत. मी एकदा अख्खी बाटली त्यात घालवली. ऑइल बदलायला हा पंप चालेल, हवा संपली की नाही हे त्यावरून ठरवू नका.

ऑइलच्या डब्यावर बसवून वरून दाब देणारी बाटली मला सगळ्यात आवडते. साधारण एक बार दाब पुरतो, पेडलला हात लावायची गरज नाही, रबर सुरक्षित. अडचण झाकणाची: तुमच्या गाडीच्या डब्याला ते नेमकं बसलं पाहिजे. नीट न बसलेलं झाकण म्हणजे बोनेटखाली ब्रेक ऑइलचा फवारा, आणि हे ऑइल रंग खातं. सांडलं तर लगेच भरपूर पाणी ओता.

नुसतं निप्पल उघडून आपोआप ठिबकू देणं ही चौथी. वेळखाऊ, पण एक कॅलिपर बदलल्यावर पुष्कळदा तेवढंच लागतं.

पद्धत कोणतीही असो, बाटली सीलबंद आणि झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचीच घ्या. डॉट 5 हे सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळत नाही, डॉट 5.1 वेगळं, ते डॉट 4 च्याच कुळातलं. नाव 'ऑइल' असलं तरी इंजिन ऑइलचा थेंबही चालत नाही, सगळी रबरं फुगतात. चाकांचा क्रम मॅन्युअलमध्ये बघा. लांबचं चाक आधी, म्हणजे आपल्याकडे डावं मागचं, हा नियम सगळ्या गाड्यांना लागू नाही. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली जाऊ नका, घोड्या (जॅक स्टँड) लावा. समुद्रकाठच्या गाडीचं निप्पल गंजून बसलेलं असतं. आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारा स्प्रे मारा, रिंग पाना वापरा. तुटलं तर वाचवलेले पैसे कॅलिपर खातो.

गॅरेजच्या बाजूने बोलायचं तर मुख्य फायदा ती कुलूपबंद खोली उघडण्याचा, बाकी काम तेच असतं. स्कॅनर जोडून मिस्त्रीने निप्पलवर कामच केलं नाही, तर नुसता पंप घुरघुरतो आणि पैसे जातात. म्हणून आधी फोनवर विचारा, 'माझ्या मॉडेलचं एबीएस ब्लीडिंग तुमच्या मशीनवर होतं का?' 'स्कॅनर आहे' हे त्याचं उत्तर नव्हे. कोड वाचणारी मशीन गल्लोगल्ली आहेत, व्हॉल्व्ह चालवणारी थोडी. ऑनलाइन मिळणारं स्वस्त ब्लूटूथ डोंगल बहुधा इंजिनचे कोड दाखवून थांबतं, या कामाला ते धरूच नका.

मोकळ्या मैदानात, खडीवर मुद्दाम जोरात ब्रेक मारून एबीएस चालू करायचं, हवा मुख्य लाइनमध्ये आणायची आणि घरी येऊन पुन्हा ब्लीडिंग करायचं, असा एक जुगाड सांगतात. तत्त्वतः बरोबर आहे, कारण पंप तेव्हा खरंच फिरतो. पण ज्या गाडीचा ब्रेक संशयास्पद आहे ती वेगात नेऊन ब्रेक मारायचा, हे मला पटत नाही. पेडल आधीच जवळजवळ घट्ट असेल आणि मैदान खरोखर रिकामं असेल, तरच. रस्त्यावर कधीच नाही.

माझ्या दोन वेळा शेजारी ठेवतो. पहिल्यांदा मागच्या ड्रममधला व्हील सिलिंडर गळत होता. तो बदलला, डब्यातली पातळी खालच्या खुणेखाली एकदाही गेली नव्हती. हवा चाकापाशीच होती. दोन माणसं, ठोकळा, अर्धा लिटर डॉट 4, दीड तास, पेडल घट्ट. दुसऱ्यांदा मेहुण्याच्या गाडीवर गप्पा मारत काम करताना डबा कधी रिकामा झाला ते कळलंच नाही. चूक पूर्ण माझी. चारही चाकांच्या निप्पलमधून हवा तीनदा काढली, पेडल बरंच सुधारलं, पण शेवटचा मऊपणा जाईना. शेवटी स्कॅनरवर नेली. पंप फिरल्यावर निप्पलमधून फेस आला आणि पेडल जागेवर. डबा रिकामा झाला की दर वेळी असं होतंच असं नाही, घरच्या ब्लीडिंगनेही भागू शकतं. पण तीनदा काढूनही फरक थांबला, तर चौथ्यांदा काढू नका.

तेव्हा पॅड, कॅलिपर, होज किंवा व्हील सिलिंडर बदललाय आणि डबा भरलेला होता, तर घरी करा. दोन वर्षांनी होणारं ऑइल बदलणंही घरी होतं. त्या खोलीत थोडं जुनं ऑइल राहिलं तरी बिघडत नाही. मास्टर सिलिंडर किंवा एबीएसचा ठोकळा बदललाय, डबा कोरडा पडल्यावर तीनदा हवा काढूनही मऊपणा गेला नाही, किंवा डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा पेटलाय, तर सरळ गॅरेज. स्ट्राँग हायब्रिड किंवा ब्रेक इलेक्ट्रॉनिक्सवर चालणारी गाडी असेल तर घरी निप्पल उघडायचा विचारच नको. तिथला पंप स्वतःच्या मर्जीने जागा होतो. आणि कॅलिपर नुकतेच बदलले असून हवा संपतच नसेल, तर निप्पल वरच्या बाजूला आहे ना ते बघा. डावा-उजवा उलटा बसला की निप्पल खाली येतं आणि हवा वर अडकून राहते. स्कॅनरचा त्याला काही उपयोग नाही.

काम संपल्यावर इंजिन बंद ठेवून पेडल अर्धा मिनिट जोरात दाबून धरा. सरकता कामा नये. मग पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली जाईल, तो बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) आहे, त्याला हवा समजून पुन्हा पाना उचलू नका. सोसायटीच्या आतच चालण्याच्या वेगाने चार-पाच ब्रेक मारून बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक निप्पलला कोरडं फडकं लावा. आमच्या डाव्या मागच्या चाकाचं फडकं ओलं आलं होतं. निप्पल पान्याने हलकेच घट्ट केलं, रबरी टोपी बसवली, आणि दुपारी फडकं कोरडं आल्यावरच ताम्हिणीकडे निघालो.