प्रादेशिक विमान कंपनीत पायलट व्हायचंय? तीन वाटा, तीन हिशेब

फ्लाय91 ही कंपनी गोव्यातून जळगाव, सोलापूरला एटीआर (पंख्यांची छोटी प्रवासी विमानं) उडवते. स्टार एअरची एम्ब्राएर विमानं कोल्हापूर-बेळगावकडे दिसतात. अलायन्स एअर आणि इंडिगोकडेही एटीआर आहेत. अशा विमानाच्या उजव्या, म्हणजे को-पायलटच्या सीटवर पोहोचायला तीन वाटा आहेत, आणि बहुतेक घरांत त्यांची तुलना फक्त फीवरून होते. माझ्या मते खरा प्रश्न वेगळा आहे: सीपीएल (व्यावसायिक पायलटचा परवाना) हातात आल्यावर तुमच्याकडे किती पैसे उरतात?

कुठलीही वाट धरा, बारावीला फिजिक्स-मॅथ्स, क्लास वन मेडिकल (पायलटसाठीची आरोग्य तपासणी), डीजीसीएचे म्हणजे नागरी उड्डाणाच्या सरकारी नियामकाचे पेपर (पासिंग 70 टक्के) आणि 200 तास उड्डाण हे चुकत नाही. मेडिकल आधी करा. रंगांधळेपणा फी भरल्यावर कळला तर फार महागात पडतो.

भारतातलं फ्लाइंग स्कूल. रायबरेलीजवळचं सरकारी इग्रुआ, आपल्याकडे गोंदिया, बारामती, शिरपूर. खर्च साधारण 50 ते 70 लाख. परवाना थेट डीजीसीएचा, त्यामुळे नंतर कन्व्हर्जनची (परदेशी परवाना भारतीय करून घेण्याची) भानगड नाही. दुखणं एकच, पण मोठं: वेळ. पावसाळ्यात उड्डाणं रखडतात, विमान दुरुस्तीत अडकतं, इन्स्ट्रक्टर एअरलाइनला निघून जातो आणि 'दीड वर्षात सीपीएल' म्हणता म्हणता तीन वर्षं होतात. त्या काळात हॉस्टेलचं भाडं आणि कर्जाचं व्याज थांबत नाही. डीजीसीए 2025 पासून स्कूलची क्रमवारी लावतं. पहिल्या यादीत सर्वात वरच्या श्रेणीत एकही स्कूल नव्हतं. म्हणून ब्रोशर बाजूला ठेवा आणि तिथे आज शिकत असलेल्या मुलांना विचारा: गेल्या महिन्यात तुझे किती तास झाले?

परदेश. अमेरिका, दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड. हवामान आणि विमानं दोन्ही मिळाली तर तास भराभर होतात. पण फी परकीय चलनात, म्हणजे कोर्स अर्धा झाला असताना रुपया घसरला तर बजेट कोलमडतं. परत आल्यावर कन्व्हर्जन आलंच. शहाणी मुलं डीजीसीएचे पेपर जाण्याआधीच काढून ठेवतात. परतल्यावर पेपरच्या निकालांची वाट बघत बसलात, तर तिकडे वाचवलेला वेळ इकडे जातो.

कॅडेट प्रोग्राम. इथे एअरलाइन आधी निवडते, मग शिकवते. खर्च बहुधा एक कोटीच्या पलीकडे, पण त्यात टाइप रेटिंग (एका ठरावीक प्रकारचं विमान उडवण्याचं प्रशिक्षण आणि परवानगी) धरलेलं असतं. नोकरीच्या पत्रात मात्र अटी असतात, आणि पुढे कुठल्या विमानावर बसवायचं ते कंपनी ठरवते. अनेकदा ते ए320, म्हणजे एअरबसचं मोठं जेट असतं. तुमचं मन एटीआरवर असेल तर या वाटेसाठी जास्तीचे पैसे मोजण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. मोठ्या कंपनीतच जायचं असेल तर गोष्ट वेगळी.

आता टाइप रेटिंग. पहिल्या दोन वाटांवर सर्वांत मोठा जुगार इथे होतो. नोकरी नाही म्हणून घाबरून मुलं वीसेक लाख घालून ए320 चं रेटिंग करून ठेवतात, आणि मग जाहिरात येते ती एटीआरची. तिथे ते रेटिंग चालत नाही. नोकरीचं पत्र हातात येईपर्यंत रेटिंग करू नका, तेवढे पैसे बाजूला ठेवा. काही कंपन्या रेटिंग स्वतः करून देतात आणि बदल्यात बाँड लिहून घेतात. बाँड किती वर्षांचा आणि मोडला तर किती भरायचे, हे सहीआधी वडीलधाऱ्यांसोबत बसून वाचा.

एटीआरची विमानं आखूड पल्ल्याची असल्याने एका दिवसात अनेक लँडिंग होतात. हात लवकर बसतो. कॅप्टन होण्यासाठी लागणाऱ्या एटीपीएल या वरच्या परवान्याच्या 1500 तासांत हे तासही धरले जातात. पुढे एअरबसवर जायचं झालं तर रेटिंग नव्याने करावं लागेल.

जमीन तारण ठेवून कर्ज काढणाऱ्या घराला मी भारतातलं स्कूलच सांगेन, पेपर आधी काढून. वर्षभराच्या खर्चाची उशी हाताशी असेल आणि मूल एकटं राहू शकत असेल तर परदेश.